जोनबाईची खारट भिंत

जरा सरकून जवळ बसा, आणि आधी मला बोलून घेऊ द्या. इंग्लंडहून येऊन मला महिना झाला. भेटायला आलेल्या एकूणएक बाईने तेच तेच विचारलं. थंडी किती होती? विमानात भीती वाटली का? गोरी माणसं भात खातात का? एकीने तरी विचारावं, की काकू, तिकडची घरं कशी असतात, भिंती कशाच्या असतात? नाही. ज्या भिंती जन्मभर सारवल्या, रंगवल्या, त्यांच्याबद्दल तुम्हाला काही विचारावंसं वाटत नाही, याचा मला खरंच राग आला. म्हणून लिहायला बसले. शाळा माझी चौथीपर्यंत, पुढचं वर्तमानपत्रं आणि वाचनालयाची पुस्तकं वाचून शिकले. बोलते तसंच लिहिते, सांभाळून घ्या.

विमानाचं काही सांगत नाही. बसले, पाय सुजले, उतरले.

चपलेचा चोर

माझी धाकटी लेक मनीषा तिकडे नर्स आहे. जावई महिनाभर कामासाठी परगावी होते, म्हणून तिने मला बोलावून घेतलं. हॉस्पिटल शहरात, पण घर एका खेड्यात. खेड्याचं नाव मला नीट उच्चारता येत नाही, तेव्हा ते राहू दे. एक चर्च, एक दुकान, एक गुत्ता, ज्यात बायका-पोरं बसून खुशाल जेवतात, आणि चारी बाजूंनी मेंढ्या. गणपती झाल्यावर आपल्या गागोद्याकडे असतं तसं हिरवंगार. फरक एकच. आपल्याकडे शेतात माणूस दिसला नाही तरी कुठून तरी हाक ऐकू येते. तिथे हाकच नाही. पहिले दोन दिवस मला कान गेल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर माझी एक चप्पल गायब. मी आपली सवयीने चपला बाहेर काढल्या होत्या. माणसाने चोरली असती तर दोन्ही नेल्या असत्या. मनीषा ड्यूटीवर जायच्या घाईत, म्हणाली, "आई, इथे चपला आत काढायच्या गो. कितीदा सांगू?"

"आत? घरात? आणि मग आत-बाहेर काय राहिलं?"

दुपारी कुंपणापाशी एक उंच, हडकुळी म्हातारी उभी. पायात गुडघ्यापर्यंत बूट, आणि दोन बोटांत धरलेली माझी चप्पल. ती बोलली ते मला कळलं नाही, पण हाताने तिने टोकदार कान केले, झुपकेदार शेपूट केली, चावल्यासारखं केलं आणि तोंड वाकडं केलं. कोल्हा! कोल्ह्याने चप्पल नेली, चावून बघितली, आवडली नाही, तिच्या बागेत टाकून दिली. मी हसले, तीही हसली. ही जोनबाई. वय शहात्तर, नवरा वारलेला. तिने तीस वर्षं शाळेची बस चालवलेली. बाईने बस चालवली तर आपल्याकडे अजून तिचं कौतुक करतात. तिला मी कौतुक दाखवलं तर तिला कळेना, कशाचं.

कुंपणापलीकडचं घर

तिने हाताने 'ये' म्हटलं आणि मी गेले. कुंपण ओलांडलं, घर दिसलं, आणि पावलं थांबली.

छपराला पेंढा! आपला भाताचा, त्यांचा गव्हाचा, पण चांगला हातभर जाड, कडा कात्रीने कापाव्या तशा नेमक्या कापलेल्या. भिंतीत काळ्या लाकडाचे खांब आणि तुळया, उभ्या-आडव्या, मधे मधे तिरक्या. त्यांच्यामधले चौकोन पांढरे. एक चौकोन पोट सुटल्यासारखा बाहेर आलेला, एक आत दबलेला. सबंध घर किंचित एका कुशीवर. चारशे वर्षांचं, असं मनीषा मागाहून म्हणाली. मला मात्र रोह्याकडच्या माझ्या सासरच्या वाडीत उभी असल्यासारखं वाटलं, आणि आता कुणीतरी 'वाल सोलायला घे गो' म्हणेल असंही.

दारातून जाताना कपाळ आपटलं. जोनबाईने चटकन भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे बोट केलं आणि स्वतःच्या कपाळावर मूठ ठेवून दाखवली. म्हणजे त्याच्या कपाळालाही कायम टेंगूळ.

त्या घरात खिळा नाही, बरं का. तुळई खांबात जिथे बसते तिथे भोक पाडून आत लाकडी खुंटी ठोकलेली. जोनबाईने टॉर्च आणून एकेका सांध्यावर कोरलेल्या खुणा दाखवल्या. एक रेघ, दोन रेघा, फुली. मनीषाने मागाहून उलगडून सांगितलं, सुताराने आधी सगळा सांगाडा आपल्या आवारात जमिनीवर आडवा जुळवायचा, सांध्यांवर खुणा करायच्या, परत सुटा करायचा आणि जागेवर आणून खुणा बघून उभा करायचा. आपले सुतार वाशांवर कोळशाने करतात तेच. एके ठिकाणी मात्र तो चुकलेला. दोन सांध्यांवर एकच खूण. म्हणून माडीवरची खोली तिरकी झाली. जोनबाईने लिंबू ठेवलं, ते आपोआप गडगडत कोपऱ्यात गेलं. चारशे वर्षं ती चूक तशीच वापरतात.

मी पांढऱ्या चौकोनावर बोटाचं पेर वाजवून बघितलं. विटेचा आवाज वेगळा, याचा वेगळा. मला ओळखीचा.

"कुड!" मी म्हणाले.

तुमच्यातल्या पोरींनी कुड बघितला नसेल. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या, आडव्या विणायच्या, त्यावर माती, शेण आणि भाताचं तूस कालवून दोन्ही अंगांनी थापायचं. झाली भिंत. मी हे सगळं हाताने करून दाखवलं. जोनबाई "येस, येस" करत नाचायला लागली. त्यांच्याकडे कारवीऐवजी हेझल नावाच्या झुडपाच्या काठ्या, तुसाऐवजी पेंढ्याचे तुकडे. शेण कसं सांगायचं? मी डोक्यावर दोन बोटांची शिंगं केली, मग मागच्या बाजूला हात नेऊन… जाऊ द्या. तिने खुर्चीवर बसून डोळे पुसले, इतकी हसली.

मग मला वास आला. ओल्या भिंतीचा. चुलाण्याच्या मागे एक थंड, अंधारी खोली होती, तिच्या उत्तरेच्या भिंतीवर छातीच्या उंचीला सुपाएवढा ओला डाग. त्या जागी माती-चुना नव्हता, कुणीतरी कधीतरी सिमेंट थापलेलं. मी तिकडे वळले, आणि जोनबाईने पुढे होऊन ते दार ओढून घेतलं.

संध्याकाळी मनीषाकडून कळलं. जोनबाईचा एकुलता एक मुलगा पीटर दोन तासांवरच्या शहरात राहतो. घर ओलं, आई एकटी, हिवाळ्यात खोकते. त्याचे वडील छातीच्या दुखण्यानेच गेले, त्याच घरात. त्याने ओल काढणाऱ्या एका कंपनीचा माणूस आणला. त्या माणसाने दोन सुयांचं मशीन भिंतीला टेकवलं, ते किंचाळलं. जमिनीतून पाणी चढतंय, तो म्हणाला. भिंत काढावी लागेल, खालची तुळई कुजली असणार, जमीन खणावी लागेल. पीटर म्हणाला, एवढं करण्यापेक्षा विकू, आणि आईला आपल्याजवळ म्हाताऱ्यांच्या घरात ठेवू. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी तो कागद घेऊन येणार होता.

"मुलगा वाईट नाय गो," मनीषा म्हणाली. "घाबरलाय."

"आणि ती?"

"ती म्हणते, एकदा बाहेर पडले की परत आत येणं नाय."

भिंतीची चव

पुढचे आठ दिवस मी रोज गेले. बरोबर रोह्याचे वाल. भिजवलेले, मोड आलेले. दोघी समोरासमोर बसून सोलायचो. तिची बोटं माझ्याहून चपळ. ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या. आणि येता-जाता मी त्या खोलीत डोकावायचे.

एक गोष्ट ध्यानात आली. धुकं पडलं की डाग ओला. ऊन पडलं, वारा सुटला की डाग कोरडा, वर पांढरी पूड. खाली जमिनीलगत मात्र दोन्ही दिवस कोरडं. जमिनीतून पाणी चढतं तर पाय ओले व्हायला नकोत? आधी छाती कशी ओली होते?

माझं माहेर पेणच्या खारेपाटातलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाप-चुलते मिठागरात. चुलत्याने मिठाच्या राशीजवळ खाडीच्या मातीची खोपी बांधली होती. आभाळ भरून आलं की तिच्या भिंतींना घाम फुटायचा. पाऊस कुठेच नसायचा, आणि भिंत ओली. मीठ हवेतलं पाणी ओढतं, हे आमच्याकडे चिमुरड्या पोरांनाही कळतं.

मी बोटाने ती पांढरी पूड घेतली आणि जिभेवर ठेवली.

जोनबाई किंचाळली. मी दुसऱ्यांदा चाटलं, नक्की करायला. खारट. कडवट खारट.

मनीषा ड्यूटीवरून येताच तिला ओढत घेऊन गेले. "विचार तिला, या भिंतीजवळ पूर्वी काय ठेवायचे?"

जोनबाईने आठवून सांगितलं. तिच्या सासूच्या आधीपासून त्या घरात दरवर्षी थंडीच्या तोंडावर डुक्कर कापायचे. त्याचं मांस मिठात घालायला दगडाची डोणी होती, ती नेमकी या भिंतीला टेकवलेली. ती डोणी आता बागेत आहे, तिच्यात फुलं लावलीत.

"किती वर्षं मीठ पीत बसली असेल ही भिंत," मी म्हणाले. "कुजली नाय ती. खारवलीय."

"आई, कंपनीच्या माणसाकडे मशीन होतं."

"माझ्याकडे जीभ हाय."

मनीषाने हे तसंच्या तसं सांगितलं असावं, कारण जोनबाईने माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. पण मग ती हळूच म्हणाली, पीटर शेजारणीच्या जिभेवर विश्वास ठेवणार नाही. खरंच होतं. कोण ठेवील?

गोडं पाणी

आता माझी चूक सांगते. लपवणार नाही.

खारेपाटात भरतीचं पाणी शेतात शिरलं की जमीन खारवते. मग काय करतात? पावसाचं गोडं पाणी शेतात कोंडून ठेवायचं, खार त्यात विरघळला की बांधातली उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडून ते खाडीत सोडून द्यायचं. दोन-तीनदा केलं की जमीन भाताला तयार. हे मी लहानपणापासून बघितलेलं. तेव्हा मला वाटलं, भिंतीचं मीठ मी धुऊन काढते. रविवारी पीटर येईल तेव्हा डाग नसेल, पूड नसेल, काम झालं.

जोनबाई गुरुवारी दवाखान्यात गेली, शुक्रवारी बाजारात, शनिवारी चर्चची फुलं करायला. कोंबड्यांना दाणे घालायला किल्ली माझ्याकडे. तिन्ही दिवस मी मगाने भिंतीवर पाणी मारलं, ओलं फडकं दाबलं, जमीन पुसून घेतली. गुरुवारी पूड गेली. शुक्रवारी डाग पसरला. मला वाटलं, विरघळतंय. शनिवारी बोट वाजवलं तर पोकळ आवाज आला. तरी मी कुणाला बोलले नाही.

रविवार

पीटर आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, आईसारखाच उंच. दारातून आत येताना न बघताच वाकला. मला आवडला तो. वालाचं बिरडं मी केलं होतं, नारळ तिथे डब्यात मिळतो. त्याने दोनदा घेतलं. जेवताना कागदांचं पाकीट टेबलावर मिठाच्या बाटलीशेजारी पडलेलं. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

जेवण उरकलं. पीटरने पाकीट पुढे ओढलं. जोनबाईने चष्मा शोधायचं सोंग केलं, चष्मा तिच्या डोक्यावरच होता.

आणि त्या खोलीत धप्प झालं.

सगळे धावले. भिंतीचं सिमेंट हातभर लांब, हातभर रुंद गळून खाली पडलेलं. धूळ, ओला चिखल. पीटर आईकडे वळून काहीतरी म्हणाला. मनीषाने सांगायची गरज नव्हती. 'बघितलंस?' दुसरं काय म्हणणार?

जोनबाई दाराला टेकून उभी राहिली. एका क्षणात म्हातारी झाली ती. त्या वेळी मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण तिचा चेहरा बघवेना.

"मनीषा, सांग त्यांना. मी केलंय हे. तीन दिवस पाणी मारलं मी."

"काय केलंस?" मनीषा मराठीतच ओरडली. "दुसऱ्याच्या भिंतीवर? आई, तुला काय कळतं का नाय?"

"शेत धुतात तशी धुतली."

"ते शेत हाय, हे घर हाय!"

तिने सांगितलं, आणि पीटरचा चेहरा लालबुंद झाला. "तुम्हाला हे कुणी करायला सांगितलं?" त्याने विचारलं. हळू आवाजात विचारलं, म्हणून जास्त लागलं. मी उघडी पडलेली जागा बघत राहिले. आणि बघता बघता गुडघ्यावर बसले.

सिमेंटच्या मागे मातीचा पातळ पापुद्रा पांढरा, भुसभुशीत, मिठाने खाल्लेला. तो बोटाने सरकला. त्याच्या आत माती कोरडी. आणि मातीत काठ्या, विणलेल्या, साल अजून अंगावर असलेल्या. मी एक ओढून बघितली. कडक. नखाने दाबली. कडक. माझं सगळं पाणी त्या सिमेंटने माठासारखं आपल्यातच धरून ठेवलं होतं.

"पीटरला बोलव," मी म्हणाले. "हात लाव म्हणावं."

तो खाली वाकला. काठीला हात लावला. मग खिशातून किल्ली काढली आणि भिंतीच्या तळाची तुळई, जी कुजलीय म्हणून सांगितलं होतं, तिच्यात खुपसली. किल्ली गेली नाही. जोर केला. गेली नाही. मग तो गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, वितीवितीवर किल्ली टोचत. टक्, टक्, टक्. कुजक्या लाकडाला असा आवाज नसतो, ते तुम्हालाही कळेल. कोपऱ्यात पोचल्यावर तो तसाच बसून राहिला, पाठ आमच्याकडे.

जोनबाई म्हणाली, "तुझे बाबा पंधराव्या वर्षापासून विड्या ओढत होते, पीटर. भिंतीने नाही मारलं त्यांना."

मग तो उठला, कपडे झटकले, आणि टेबलावरचं पाकीट कोटात घातलं. फाडलं वगैरे नाही. म्हणाला, मातीच्या भिंतीतलं ज्याला कळतं असा कुणीतरी आणू, मग ठरवू.

मंगळवार

ज्याला कळतं, ती एक बाई निघाली. चाळिशीची, हाताच्या रेषांत चुना भरलेला. हात बघूनच मला बरं वाटलं. तिने भिंत बघितली, वास घेतला, आणि सांगते काय, चाटलीसुद्धा! मी मनीषाकडे बघितलं, मनीषा खिडकीकडे.

ती म्हणाली, खारवलेल्या भिंतीवर ते सुयांचं मशीन हमखास फसतं, मीठ आणि पाणी त्याला वेगळं ओळखता येत नाही. सांगाडा ठणठणीत आहे. सिमेंट सगळं काढायचं, भिंतीला श्वास घेऊ द्यायचा, नवी माती आणि चुना लावायचा. घर सोडायची गरज नाही. मग माझ्याकडे वळली. "रोग तुम्ही बरोबर ओळखलात. औषध उलटं दिलंत."

पाण्याने मीठ बाहेर येत नाही, आणखी आत जातं. ती एवढंच बोलली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. शेताला उघाडी असते. भिंतीला उघाडी कुठे? मी पाणी कोंडलं, पण सोडणार कुठून होते? एवढी साधी गोष्ट, आणि खारेपाटात वाढलेल्या मला सुचली नाही. लाज वाटली. अजून वाटते.

खरं औषध असं. कागदाचा लगदा आणि मऊ माती कालवून भिंतीवर थापायची. ती सुकताना मीठ स्वतःकडे ओढून घेते. सुकली की काढून टाकायची, परत नवी थापायची. लगदा आणि माती! लग्नाआधी दोन मोसम मी पेणच्या गणपती कारखान्यात हेच मळायला जात होते. त्या बाईने बादली पुढे केली. मी हात घातला, जरा पातळ वाटला. मी तिला खुणेने सांगितलं, घसरेल. तिने कागद वाढवला. मग दुपारभर आम्ही तिघी थापत बसलो, ती, मी आणि जोनबाई. जोनबाईचे हात बस चालवणाऱ्याचे, जोर फार, तिचं थापलेलं सारखं खाली पडायचं. प्रत्येक वेळी ती माझ्याकडे असं बघायची, जणू ते मीच पाडलं. मनीषाने चहा केला. पीटर सुट्टी काढून थांबला होता. तो बागेतली डोणी दुसरीकडे सरकवत होता, उगाच, काहीतरी करायचं म्हणून.

निघताना भिंतीला दुसरा हात चालला होता. मीठ निघायला महिने लागतात. मला शेवट बघायला मिळाला नाही, याची चुटपूट घेऊन मी आले.

परवा मनीषाचा फोन होता, शेजारी जोनबाई बसलेली. भिंत आता धुक्यातही पूर्वीइतकी ओली होत नाही. हिवाळा तिने घरातच काढायचा, असं पीटरने कबूल केलं. दर दोन आठवड्यांनी तो येतो, एक रात्र राहतो आणि सकाळी खोकला ऐकू आला नाही असं स्वतःच सांगतो. विकायचं बोलणं बंद आहे. कायमचं का, ते कुणी विचारत नाही.

चुना थंडी सरल्यावर लावणार. त्याआधी उघड्या जागेत नवी माती थापायची आहे. जोनबाईने ती बादलीत भिजत घालून ठेवलीय, शेण पलीकडच्या गोठ्यातून स्वतः आणलं. त्या चुन्यावालीला तिने तो चौकोन करू दिलेला नाही. मला तिच्या आवाजातलं कळत होतं, पण मनीषाने नीट सांगितलं:

"ती म्हणते, तो तुझा हाय. पाण्याचा मग तिने कपाटात ठेवून कुलूप लावलंय. तू फक्त हात घेऊन ये, आणि लवकर ये."